पायाखालचा कोबा

“मनोरा सरळ उभा राहिला पाहिजे, पण पायाखाली कोबा घालायचा नाही! जे कुणाला दिसणारच नाही, त्यात चुना कशाला घालवायचा?”

चंद्रहासराजांनी हुकूम सोडला. मी, संस्थानचा मुख्य गवंडी सखोजी, कमरेत वाकून म्हणालो, “जशी आज्ञा!” माझी कंबर फार पटकन वाकते. जीभ मात्र वेळेवर हलत नाही.

खरं तर चर खणला की तळाशी खडी, विटांचा चुरा नि चुना कालवून वीतभर कोबा चोपायचा आणि त्यावर पाया रचायचा, हे आमच्या गाढवांनाही ठाऊक! त्यातून जागा काळ्या मातीची. मनोरा कलला, तर माझी मान जाणार होती.

तीन दिवस मी दाढी खाजवली. चौथ्या दिवशी चराच्या काठावर बसून चक्क रडलो. चुन्याच्या घाणीवर राबणारी गोजरा बेलदारीण जवळ आली.

“मिस्त्री, डोळ्यांत चुना गेला का?”

“अक्कल गेली गं!”

“मग फार काही गेलं नाही. उद्या राजांना चर बघायला बोलवा. पुढचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी राजे आले. गोजराने चराचा तळ पाण्याने भिजवून मध्ये जडशी शिसवी खुर्ची मांडली होती.

“बसावं, महाराज!”

राजे अंगाने भरभक्कम. टेकले मात्र, खुर्चीचा डावा पाय चिखलात रुतला. राजे कलले, डोक्यावरचा मंदिल कलला!

“अरे, धरा!”

शिपायांनी खांदे धरले. मी पाय धरायला धावलो, तर हातात नुसती मोजडी आली.

“मूर्खांनो!” राजे गरजले. “खुर्चीखाली फळी तरी घालायची!”

“फळी?” गोजरा म्हणाली. “खुर्चीखाली ती कुणाला दिसणार, महाराज?”

मी डोळे गच्च मिटले.

“दिसायचं काय त्यात? फळीवाचून मी कललो ना!”

“आपण तर एकटेच बसलात, महाराज. इथं दहा हजार दगड बसायचेत!”

राजांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा चराकडे. मग राजे पोट धरधरून हसू लागले.

“घाला कोबा!” हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराला दिलं. “आजपासून पायाच्या कामावर हीच मुख्य! काय सखोजी, बाईच्या हाताखाली राबशील?”

“महाराज,” मोजडी पुढे करत मी म्हणालो, “कालपासूनच राबतोय! आपल्याला आज कळलं, एवढंच!”