दोन प्लेटनंतरचं पुडिंग

पुण्यात चांगल्या पोर्क रिब्ज आणि त्यावरचं गोड कुठे खावं, हे घैसासकाकांच्या पेपरातल्या रविवारच्या यादीवरून ठरे. त्या यादीत नाव आलं नाही, तर रोझलिन तुस्कानोची नवी खानावळ महिनाभरही टिकणार नव्हती.

काका आले. दोन प्लेट रिब्ज त्यांनी चोखून चोखून खाल्ल्या आणि मिशी पुसत म्हणाले, "पोरी, खाण्यालायक नाहीत गं. आमच्या वेळच्या रिब्जची सर नाही. यादीत नाही घालता येणार. असो, पुडिंग आण."

रोझलिन जागची हलली नाही.

"ते नाही आणता येणार, काका. आमच्या घरची रीत आहे. पाहुण्याचं पोट भरल्याशिवाय गोड वाढायचं नाही. तुम्हाला उपाशीपोटी पुडिंग दिलं, तर आई मला घरात घ्यायची नाही."

"उपाशी?" काका कडाडले. "अगं, दोन प्लेट फस्त केल्या मी! ही हाडं बघ, मुंगीलासुद्धा काही उरलं नाही!"

शेजारच्या टेबलांवर हशा पिकला.

"मग एवढंच छापा, तुमच्याच शब्दांत," रोझलिन म्हणाली. "तोवर मी पुडिंग कापते."

काकांनी काउंटरवरच्या थरथरत्या कॅरॅमल पुडिंगकडे पाहिलं आणि निमूटपणे खिशातलं पेन काढलं.