ओहोटीतली गिटार

खाडीच्या काठावर एक गाव होतं आणि त्या गावात एक माणूस असा होता, की पावसाळ्यात त्याला कधी निवांत झोप लागायची नाही. नाव हिराजी. काम एकच. गावाची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवायला लांबच लांब मातीचा बांध घातलेला. त्या बांधात एक दार, आणि ते दार हिराजीच्या हातात. दार म्हणजे काय, तर दगडी खाचेत बसणाऱ्या चार जाड फळ्या. गावात या दाराला उघाडी म्हणायचे. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. ओहोटी संपली की फळ्या परत टाकायच्या. चुकलं तर खाडी आत. आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या जमिनीत तीन-तीन वर्षं भात होत नाही. काम एवढंसं, पण भीती केवढी बघा.

त्या घरात आज वार कुठला हे कोणी विचारायचंच नाही. तिथी कुठली, ते विचारायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती पूर्ण, मग सहा तास ओहोटी. संपलं गणित.

या हिराजीला एक मुलगी होती, सेजल. पंधरा वर्षांची, दहावीतली. तिला मामानं गिटार आणून दिली. आधी सगळ्यांना बरंच वाटलं हो. पोरगी टिंगटिंग करतेय, करू दे. मग जेवण सुटलं. मग अभ्यास सुटला. चुलीवर भात करपून काळा झाला आणि ही दोन हातांच्या अंतरावर बसून तीच ओळ चाळिसाव्यांदा वाजवत होती. डाव्या हाताच्या बोटांची टोकं दगडासारखी झाली. गिटार जवळ नसली तरी बोटं चालूच. मांडीवर, ताटाच्या कडेवर, परीक्षेच्या बाकावर.

आईला, म्हणजे मंजुळेला, खरी भीती वाटली ती वेगळ्याच दिवशी. विहिरीवरून पाणी आणताना ती अंगणात घसरून पडली. हंडा एकीकडे, ती एकीकडे. तिनं हाक मारली, "सेजल." मग परत मारली. पोरगी दारातून दिसत होती, दहा पावलांवर. तिनं मान वर केली नाही. शेवटी शेजारचे म्हातारे पोशाआजा धावत आले.

संध्याकाळी मंजुळा नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती बहिरी नाही ना. मग हाक मारतो तेव्हा ती असते कुठे?"

 हिराजीनं लगेच नियम केला. "ओहोटी आहे तोवर वाजव. भरती लागली की गिटार खाली." त्याला वाटलं, झकास नियम आहे.

पण घोळ तिथेच झाला. भरती-ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. शाळा सरकत नाही. पंधरवड्यात चार-पाच दिवस असे यायचे की ओहोटी नेमकी शाळेच्या वेळात, आणि सेजल घरी आली की खाडी भरायला लागलेली. मग ती काय करायला लागली, तर दप्तर घेऊन घरातून निघायची आणि जायची बांधाच्या आतल्या पायथ्याशी असलेल्या खोपीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत. गिटार आदल्या दिवशीच पोत्यात गुंडाळून तिथे ठेवलेली असायची.

शाळेतून निरोप आला.

"शाळा बुडवलीस?" हिराजीनं विचारलं.

"हो."

"घरात नियम काय केला होता?"

"ओहोटीत वाजवायची. ओहोटीच होती, बाबा."

 पोशाआजा ओटीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "हिराज्या, पोरगी आहे ती, कोलंबी नाही. तिला कसला भरतीच्या मापानं मोजतोस?"

हिराजीला राग आला, पण नियम तसाच राहिला. त्याला दुसरं मापच माहीत नव्हतं.

मग आली श्रावणातली द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती पूर्ण, दुपारी तीनला ओहोटी संपणार. रविवार होता. शेजारच्या गावात नात्यात कोणीतरी गेलं, म्हणून हिराजी आणि मंजुळा तिकडे निघाले. उघाडी सेजलवर सोडली.

"तीनला फळ्या टाकशील?"

"टाकते."

"आणि गिटार?"

"तीनला खाली ठेवते. जा तुम्ही."

सेजल खोपीत बसली. एका गाण्यात एक जागा होती, तिथे तिचं बोट अडकत होतं. एकदाच नीट येऊ दे, मग उठते, असं तिनं ठरवलं. आलं नाही. परत वाजवलं. आलं नाही. परत. परत. आणि एकदाचं ते बोट जागेवर पडलं, सूर अगदी स्वच्छ निघाला, तशी ती खुशीत मान वर करून बघते तर खोपीच्या दाराशी पाणी. बांधाच्या आतल्या बाजूला. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

ती धावली. उघाडीतून खाडी फेसाळत आत येत होती. पहिली फळी बसली, दुसरी बसली, तिसरी बसवताना हात सोलवटले. चौथी बसेपर्यंत पोशाआजांच्या शेताचे दोन तुकडे खाऱ्या पाण्यात उभे होते. तिथली हिरवीगार रोपं आता जळणार, हे तिलाही कळत होतं.

पोशाआजा आले. बांधावर उभं राहून बघत राहिले. एरवी दर वाक्याला टोमणा मारणारा माणूस आज दोन रोपं उपटून घेऊन सरळ घरी गेला. सेजलला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

हिराजी परतला तो सरळ उघाडीवर गेला. तीन दिवसांवर पौर्णिमेचं उधाण, वर्षातलं मोठं. त्यानं चारही फळ्यांच्या फटी चिखलानं लिंपल्या, वर खुंट्या ठोकल्या आणि सांगितलं, "उधाण ओसरेपर्यंत ही उघडायची नाही. ओहोटी असो नाहीतर काही असो." मग घरी येऊन गिटार माळ्यावर टाकली, सुंभानं बांधून. "आणि ही तर कधीच नाही."

 तेव्हापासून सेजल वेळेवर जेवायची. पुस्तक उघडून बसायची. मंजुळा तिला उगीचच हाक मारून बघायची, आणि प्रत्येक हाकेला लगेच "ओ" यायचं, एकाच आवाजात. पण बोटं थांबली होती. मांडीवर पालथी पडून राहायची. मंजुळेला वाटलं, आधी निदान माहीत होतं की पोरगी गिटारीत आहे. आता ती कुठे आहे?

इकडे पाऊस तीन दिवस थांबला नाही, शाळाही बंद. डोंगरावरचं सगळं पाणी शेतात उतरलं, आणि बाहेर जायला वाट नाही. रोपं बुडाली. हिराजी बांधावर फेऱ्या मारायचा, पण नजर सारखी खाडीकडे. भीती तिकडूनच येते, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं.

पौर्णिमेला सव्वाअकराला भरती झाली. बांधानं ती झेलली. हिराजीनं हुश्श केलं. ओहोटी लागली आणि दुपारी दोनच्या सुमारास सेजल धावत आली, चिखलानं माखलेली.

"बाबा, बांध फुटणार आहे."

"आता? ओहोटीत कधी बांध फुटतो का?"

"या आणि बघा."

बांधाच्या बाहेरच्या उतारावर खेकड्यांची बिळं होती. प्रत्येक बिळातून गढूळ पाण्याची धार लागलेली, बाहेरच्या बाजूला. खाडी खाली गेली होती आणि आतलं तुडुंब पाणी बांधाला रेटत होतं. एका जागी माती ढासळायलाच लागली होती. तिथे खांड, म्हणजे भगदाड, पडली असती, तर पुढची भरती सरळ गावात आली असती.

हिराजीनं खुंटीला हात घातला. पण ती उपटली नाही. "काढली आणि भरतीच्या आत परत बसली नाही तर?"

"मी बसवते."

"त्या दिवशीपण तूच होतीस."

 सेजल म्हणाली, "हो, मीच होते. म्हणून तर मला माहीतेय, पाणी किती लवकर येतं."

बापलेकीनं मिळून खुंट्या उपटल्या. फळ्या निघाल्या तसं आतलं पाणी असं काही सुटलं की पायाखालचा दगड हादरला. बिळांमधल्या धारा हळूहळू बारीक झाल्या. पण आता दार सताड उघडं, आणि सव्वापाचला खाडी फिरणार. सेजल उघाडीच्या तोंडाशी बसली. समोरच्या चिखलात एक काठी रोवली आणि पाणी तिच्यावर कुठवर येतंय ते बघत राहिली.

चारच्या सुमारास मंजुळा बांधावर आली. पदराखाली गिटार. माळ्यावर चढून तिनं स्वतःच सोडवली होती. पोरीचा तो एकसुरी "ओ" तिला सहन होत नव्हता.

"घे," ती हळूच म्हणाली. "ओहोटी आहे ना अजून. नियमातच आहे."

सेजलनं गिटारीकडे बघितलं. उजवा हात पुढे गेलासुद्धा. मग तिनं तो मागे घेतला.

"आत्ता नको, आई. हातात आली की मला पाणी दिसत नाही."

हिराजी चार पावलांवर उभा होता. त्यानं ते ऐकलं. इतके दिवस जी गोष्ट तो पोरीला ओरडून सांगत होता, ती आता सेजल स्वतःच्या तोंडानं बोलत होती.

सव्वापाचला काठीपाशी पाणी वर सरकलं. सेजल उठली. एक, दोन, तीन, चार. फळ्या बसल्या. हिराजीनं हात लावला नाही. भरती आली, फळ्यांवर आपटली आणि बाहेरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सेजल पोशाआजांकडे गेली. "आजा, तुमच्या दोन तुकड्यांतलं मीठ मी धुवून काढणार. पाऊस आहे तोवर दर ओहोटीला."

"दोन-तीन वर्षं लागतील," आजा म्हणाले.

"माहीतेय."

"मग उभी काय राहिलीस? फावडं घे."

आणि हिराजीनं नियम बदलला. "शाळा, मग अभ्यास, मग दीड तास गिटार. रोज. भरती असो, ओहोटी असो. आणि थांबायचं तुझं तू. आम्ही हाक मारणार नाही."

पहिल्या संध्याकाळी सेजल आतल्या खोलीत वाजवत होती. मंजुळा बाहेर ओटीवर, हातात मोबाइल, नजर वेळेवर. दीड तास झाला. गाणं चालूच. वर एक मिनिट गेलं.  तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून बसलेला, दोन्ही मुठी आवळून. मंजुळेची हाक अगदी ओठांवर आली होती. आणखी एक मिनिट गेलं.

आणि गाण्याच्या अगदी मध्यात, कडवंही पुरं न होता, आवाज थांबला.

"आई," आतून हाक आली, "ताटं घेऊ का?"

तात्पर्य: मुलांच्या वेडाला बांध घालावाच लागतो, पण भीतीपोटी दारच लिंपून टाकलं तर तो बांध आतून फुटतो; दार ठेवावं, आणि ते वेळेवर मिटायचं काम मुलांच्याच हातात द्यावं.