काशाच्या गड्यांची बोटं

वेताळगडच्या सुभानराव महाराजांनी भैरोबाचं कुरण पणाला लावलं, आणि तेही बोटांच्या खेळावर!

हा खेळ इटलीचा. महाराजांनी तिकडून एक जुनापुराणा काशाचा पुतळा मागवला होता. समोरासमोर बसलेले दोन उघडेबंब गडी, दोघांचे हात पुढे, दोघांची तोंडं उघडी. पुतळा पोचवायला आलेल्या माणसाने त्यांचा खेळही समजावून दिला. दोघांनी एकाच दमात मुठीतून हवी तेवढी बोटं काढायची आणि त्याच दमात दोघांच्या बोटांची बेरीज ओरडायची. ज्याचा आकडा जुळला तो जिंकला.

महाराज खेळू लागले आणि हरायचं विसरूनच गेले. अख्खा दरबार त्यांच्याकडून हरत असे. दिवाण तात्यासाहेब तर इतक्या मनापासून हरत की बघणाऱ्याला कीव यावी. पाच आणि पाच मिळून दहाच्या वर बेरीज जाणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण तात्यासाहेब दरवेळी ‘अकरा’ ओरडत. चुकूनसुद्धा जिंकायला नको! महाराजांना मात्र वाटे, आपल्या दिवाणाचं गणित कच्चं आहे.

अशा विजयांची धुंदी चढल्यावर महाराजांनी शेजारच्या पिंगळगडच्या राजांना डावाचं आव्हान धाडलं. पिंगळगडकरांनी पणाला भैरोबाचं कुरण मागितलं. त्यांना तिथे शिकारीचं रान करायचं होतं. महाराज हो म्हणून मोकळे झाले. ज्यांची मेंढरं त्या कुरणावर जगत होती, त्या धनगरांना कोणी विचारलं नाही. मग त्यांनी आपल्यातल्या हौसाला गडावर धाडलं. ती कुणाला भीत नसे, आणि तोंडाने फटकळ होती.

हौसाने मुजरा केला आणि विचारलं, “म्हाराज, तुमी हरलासा तर आमी मेंढरं घेऊन कुठं जावं?”

“मी हरत नाही,” महाराज म्हणाले. “हवं तर तू हरवून दाखव. हरवलंस तर कुरण पणातून काढतो. मात्र रयतेने राजापुढे बोट उचलायचं नाही, हा या गडाचा रिवाज आहे. तेव्हा बोट न उचलता हरव. जमलं नाही तर उद्याच कुरण रिकामं करा!”

दरबार पोट धरून हसला. महाराज हसले की दरबाराला हसू येतच असे.

हौसाने आधी एक डाव बघायची परवानगी मागितली. महाराजांनी चार बोटं काढली आणि ‘सात’ म्हणाले. तात्यासाहेबांची मूठ तोवर मिटलेलीच होती. सात ऐकल्यावर तिच्यातून घाईघाईने तीन बोटं बाहेर आली आणि पाठोपाठ ‘अकरा’ही आलं. हौसाने ते नीट पाहून ठेवलं.

मग तिने पुतळ्याची चौकशी केली. महाराज खुलले. त्यांनी गड्यांचे दंड दाखवले, मानेवरच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या, किंमत तर दोनदा सांगितली. बोटांबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. हौसाने पुतळ्याभोवती एक फेरी मारली, खांद्यावरची घोंगडी काढली आणि दोन्ही गड्यांवर पांघरली.

“ह्ये दोघं माझ्याकडनं खेळत्याल. त्यास्नी बोलता येत न्हाई, तवा दोन्ही डावांत तुमचा आकडा चुकला, की तुमी हरलासा. आधी डावीकडचा.”

वरवर ती शांत होती, पण मनात एकच धास्ती होती. महाराजांनी या गड्यांची बोटं एकदा जरी मोजली असतील, तर कुरण गेलंच. पण महाराजांनी मिशीवर ताव दिला, तीन बोटं काढली आणि गरजले, “आठ!”

हौसाने घोंगडीचं डावं टोक वर केलं. काशाच्या गड्याचं एकच बोट बाहेर होतं.

तात्यासाहेब सवयीने धावले आणि पुतळ्याची मिटलेली बोटं उलगडायला लागले. कासं ते, हलणार कसं? महाराजांनी विचारलं तेव्हा त्यांनी ओशाळून सांगितलं की हात आपोआप गेला.

“आता उजवीकडचा!” महाराजांनी बाह्या सरसावल्या. एकाचं एक बोट, तर दुसऱ्याचंही एकच असणार, असा त्यांनी हिशेब केला. दोन बोटं काढून ते ओरडले, “तीन!”

उजव्या गड्याची चार बोटं ताठ उभी होती.

महाराज एकदा पुतळ्याकडे आणि एकदा आपल्या हाताकडे बघत राहिले. पुतळा वर्षभर त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता.

“या दरबारात मी आजवर एकदाही हरलो नाही,” ते पुटपुटले. “मग या निर्जीव गड्यांकडून कसा हरलो?”

“म्हाराज,” हौसा म्हणाली, “तुमचा आकडा ऐकून बोटं बदलत न्हाईत, असं तुमच्या दरबारात ह्ये दोघंच हायेत. आन् पिंगळगडचं राजं काय तुमचा पगार खात न्हाईत.”

मानकऱ्यांचे हात हळूच शेल्यांत लपले. महाराजांनी एकेकाकडे पाहिलं आणि ते खदाखदा हसत सुटले. या खेपेला ते एकटेच हसत होते, कारण हसावं की नाही हे दरबाराला ठरवता येईना.

कुरण पणातून निघालं. ते धनगरांना कायमचं दिल्याचा ताम्रपट हौसाच्या हाती पडला, वर एक नवी कोरी घोंगडी मिळाली. पिंगळगडला निरोप गेला की कुरणाऐवजी दिवाणांची पालखी पणाला लावली आहे.

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. महाराज डोळे पुसत म्हणाले, “तात्यासाहेब, आता मला सराव कसा देता ते बघू!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे सरावाला बसले, आणि तात्यासाहेबांच्या तोंडून पहिल्यांदाच अकरा सोडून दुसरा आकडा निघाला.