स्टिअरिंगला ठेवलेलं वजन

कोल्हापुरात एकदा एका वृद्ध उस्तादाकडे असं काम आलं, की ते ऐकताच त्यांच्या शिष्येनं हातातला पाना खाली ठेवला आणि टाळीच वाजवली.

उस्तादांचं नाव दस्तगीर मुल्लाणी. उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं आणि जुन्या मोटारींना पुन्हा रस्त्यावर आणण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शिष्या संज्योत, जयसिंगपूरची. इंजिनिअर होऊन ती त्यांच्याकडे शिकायला आली आणि तिथंच रमली. नव्या गाड्यांमधली विजेची यंत्रणा ती जाणत होती, जुन्या लोखंडाचा स्वभाव उस्ताद जाणत होते. दोघांचं चांगलं जमलं होतं.

काम घेऊन आल्या होत्या वसुधा सरनोबत. सारं गाव त्यांना आक्कासाहेब म्हणे. वय सत्तरीचं. तरुणपणी त्यांनी घाटातल्या मोटारशर्यती गाजवल्या होत्या, त्या ज्या गाडीतून, ती हिरवी, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार अजून त्यांच्याकडे होती. पण उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी जागच्या जागी थांबली. त्या काळच्या गाड्यांचं स्टिअरिंग भलतंच जड. हळू चालत्या गाडीचं चाक वळवायचं म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्याइतका जोर लागायचा.

"दस्तगीरभाई, एका हॉटेलवाल्या शेठनं गाडी मागितलीय," आक्कासाहेब म्हणाल्या. "हॉटेलच्या दर्शनी भागात काचेमागं ठेवणार म्हणे. रविवारी पन्हाळ्यावर जुन्या गाड्यांचा मेळा आहे. मी शेठना सांगितलंय, मी स्वतः चालवत वर पोचले तर गाडी माझी. नाही पोचले तर तिथूनच घेऊन जा."

उस्ताद काही बोलायच्या आत संज्योत म्हणाली, "आक्कासाहेब, विजेचं स्टिअरिंग बसवू या! चाकाच्या दांड्याला एक छोटी मोटर. तुम्ही हात लावलात की ती जोर लावणार."

"आणि गाडीचं रूप बिघडलं तर?"

"बाहेरून कुणाला दिसणारसुद्धा नाही. काय ओ चाचा?"

उस्ताद हसले. "कर. फक्त गाडीचा मूळ दांडा कापायचा नाही. तो जपून ठेवायचा, आणि आपण तसाच दुसरा करून घ्यायचा."

मग संज्योतला भूक-तहान राहिली नाही. लेथवर नवा दांडा तयार झाला. एका नव्या छोट्या गाडीची स्टिअरिंगची मोटर डॅशबोर्डाच्या पोटात नेमकी बसली, तेव्हा ती गाडीखालूनच ओरडली, "बसली चाचा, बसली!" मोटरनं किती जोर लावायचा हे ठरवणारं एक बटण तिनं चाकाच्या खाली, आडोशाला लावलं. ते पिरगाळलं की मदत कमी-जास्त व्हायची. तिनं ते शेवटपर्यंत पिरगाळलं, पूर्ण मदतीवर. इंजिन चालू केलं आणि नुसत्या करंगळीनं चाक फिरवलं. ते इतकं सहज फिरलं, की तिला हसूच आवरेना.

रविवारी सकाळी आक्कासाहेब आल्या. बरोबर हॉटेलवाले शेठही होते. आक्कासाहेब गाडीत बसल्या, त्यांनी एका बोटानं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "अगं बाई!" म्हणत खळखळून हसल्या. मग आणखी एकदा फिरवलं. "छान झालंय," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात उस्ताद पुढे झाले. वाकून त्यांनी ते बटण उलटं पिरगाळलं.

"आता फिरवा."

आक्कासाहेबांनी फिरवलं. उस्तादांनी बटण आणखी मागं घेतलं. "आता?" त्यांना दोन्ही हात लावावे लागले. उस्तादांनी आणखी मागं घेतलं. आता आक्कासाहेबांच्या कपाळावर आठी उमटली, हात खांद्याकडे गेला. उस्तादांनी बटण पुन्हा किंचित पुढं फिरवलं. "दुखतंय?"

"नाही. पण जोर लावावा लागतोय."

"असू द्या. निघा आता."

संज्योत लगबगीनं उस्तादांजवळ आली. एवढ्या हौसेनं हलकं केलेलं स्टिअरिंग उस्तादांनी ऐन वेळी जड केलं! शेठच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. "चाचा," ती कुजबुजली, "घाटात त्यांचा खांदा भरून आला तर गाडी जाईल हातची!"

"तू शेजारी बस," उस्ताद म्हणाले. "वर पोचल्यावर बोलू." आणि ते मागून येण्यासाठी शेठच्या गाडीत जाऊन बसले.

हिरवी गाडी शहराबाहेर पडली. सपाट रस्त्यावर आक्कासाहेब जपूनच चालवत होत्या. संज्योतचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच, ती त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघत होती. वाघबीळ मागं पडलं आणि चढण सुरू झाली. पहिल्या वळणावर आक्कासाहेब सावरून बसल्या. दुसऱ्या वळणावर त्यांनी गिअर खाली घेतला, इंजिन डरकाळलं. तिसऱ्या वळणावर त्या चक्क गुणगुणायला लागल्या.

आणि पुढचं वळण घेता घेता रस्त्यावर बारीक खडी पसरलेली निघाली. कुठल्या तरी डंपरमधून सांडली असावी. संज्योतला ती दिसायच्या आत आक्कासाहेबांच्या हातातलं चाक थरथरलं. त्यांनी पाय हलकेच वर घेतला, चाक तसूभर सोडलं, पुन्हा धरलं. गाडीचं मागचं अंग जरासं सरकलं, सावरलं, आणि गाडी वळण पार करून सरळ झाली.

"बघितलंस?" आक्कासाहेब वाऱ्यावर ओरडल्या. "चाक सांगतंय मला! खडी आली ते चाकानं सांगितलं! अगं, रस्ता बोलतोय माझ्याशी!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. संज्योतला काय झालं कोण जाणे, तीही दोन्ही हात वर करून ओरडली. तो सारा घाट मग दोघींनी लहान मुलींसारखा आरडाओरडा करत चढला.

वर मेळ्यात लोकांनी गाडीला गराडा घातला. आक्कासाहेब गाडीतच बसून राहिल्या, सगळ्यांना ते खडीचं वळण सांगत. मागून शेठची गाडी आली. संज्योत धावत उस्तादांकडे गेली.

"चाचा, पोचल्या! पण तुम्ही ते जड का केलंत? हलकं ठेवलं असतं तरी पोचल्याच असत्या ना?"

"पोचल्या असत्या कदाचित," उस्ताद म्हणाले. "सकाळी त्या हसल्या तेव्हा तू त्यांच्या तोंडाकडं बघत होतीस. मी हाताकडं बघत होतो. त्यांचा पंजा सैल पडला होता. ज्या हातानं आयुष्यभर रस्ता वाचला, त्याला काही कळेनासंच झालं होतं. पोरी, स्टिअरिंगच्या जडपणात दोन गोष्टी असतात. एक ओझं, आणि एक निरोप. ओझं खांद्याला दुखवतं, ते आपण काढायचं. निरोप रस्त्याकडून येतो, तो मात्र हातापर्यंत पोचू द्यायचा. तू मायेनं दोन्ही काढून टाकलंस. मग गाडी मोटरनं चालवली असती, आणि आक्कासाहेब नुसत्या बसून आल्या असत्या. त्यासाठी हॉटेलची काच काय वाईट होती?"

संज्योतनं विचारलं, "पण नेमकं किती काढायचं, हे कसं कळतं?"

"बटणाकडं बघून नाही कळत. माणसाकडं बघावं लागतं."

तिकडे गर्दीतून वाट काढत शेठ गाडीपाशी पोचले होते. "आक्कासाहेब, मानलं तुम्हाला. आता ही गाडी कधी मागू?"

"मागा की पुढच्या वर्षी. इथंच, वर आल्यावर!" आक्कासाहेब म्हणाल्या आणि गर्दीत हशा पिकला. शेठही मनापासून हसले.

मग आक्कासाहेबांनी दार उघडलं. गाडी जमिनीलगत, आसन खोल. त्यातून उठणं सोपं नव्हतं. शेठ दोन्ही हात पुढं करून त्यांना उचलायलाच निघाले, शेजारचा एकजण पाठीमागून आधार द्यायला धावला. संज्योतनं हलकेच दोघांना थांबवलं. ती दारापाशी उभी राहिली आणि आपला हात कोपरात वाकवून, घट्ट करून, आक्कासाहेबांच्या पुढ्यात नुसता धरला.

आक्कासाहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. डाव्या हातानं तो धरला, पाय जमिनीवर रोवले, एक श्वास घेतला आणि स्वतःच्या बळावर उठून उभ्या राहिल्या.