खांबांचं पीक

“आठ दिवसांत या टेकडीला नवा खांब उगवून दाखव! नाहीतर आहेत ते सगळे तोडून नेतो!” धैर्यसेन महाराज गरजले आणि मी, भिवरा राखणदारीण, मान डोलावून मोकळी झाले. घाबरले की माझी मान आधी हलते, डोकं मागून चालतं.

आमच्या खांबटेकडीवर काळ्या दगडाचे शेकडो खांब आहेत. बहुतेक सहा कडांचे, पाच पुरुष उंच, आणि एकालाही कुणाची छिन्नी लागलेली नाही. महाराजांच्या पणजोबांनी त्यांना हात लावायला बंदी केली आणि राखण आमच्या घराकडे दिली. बारा वर्षं मी ती केली. एकही दगड पळून गेला नाही!

मग देशोदेशी महामारी पसरली. वेशी बंद झाल्या, टेकडी बघायला येणारे थांबले. तीन वर्षांनी साथ ओसरली आणि महाराजांना विजयमंडप बांधायची लहर आली. त्या मंडपाला हे खांब आयतेच सापडले.

मी बंदीची आठवण दिली, तर म्हणाले, “गाय राखणारा वासरू दाखवतो, शेत राखणारा पीक दाखवतो. तू काय दाखवणार?” आणि तो आठ दिवसांचा हुकूम सुटला.

पहिल्या दिवशी मी टेकडीला पाणी घातलं. हसू नका, दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी दगडांची विनवणी केली. तिसऱ्या दिवशी कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढला, पातेल्यात ओतला आणि रडण्याच्या नादात उन्हात विसरले. स्वयंपाकात माझा हात असाच आहे.

सातव्या दिवशी आठवण झाली. चीक वाळून तडकला होता. वरचा थर फोडून बघते तो काय, आत बोटभर उंचीचे खांब! कडा असलेले, एकमेकांना खेटून उभे. हुबेहूब टेकडी!

मला एकदम आठवलं. साथीच्या आधी एक प्रवासी पंडित म्हणाला होता, “बाई, हा दगड एकेकाळी तापलेला रस होता. निवताना आकसला, तडकला आणि असे खांब झाले.” तेव्हा मी त्याला ऊन लागलं असेल म्हणून ताक पाजलं होतं!

आठव्या दिवशी पातेलं घेऊन दरबारात गेले.

“महाराज, पीक आणलंय!”

महाराजांनी वाकून पाहिलं. “हे? एवढुसं?”

“कृती बरोबर आहे, महाराज. मोठ्या खांबाला चिकाऐवजी वितळलेला दगड लागेल. आणि पातेलं जरा मोठं लागेल.”

“मग घे मोठं! केवढं हवं?”

“आपल्या राज्याएवढं. राजवाडा तळाशी जाईल.”

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी डोळे वटारले. “आणि किती दिवस लागतील?”

“पिढ्यान्पिढ्या, महाराज! आपल्याला मात्र पिकाची खात्री करायला त्या तापल्या पातेल्यातच बसावं लागेल.”

हसू दाबताना महाराजांचं पोट हलायला लागलं. “अगं, साथीत मी तीन वर्षं नाकाला फडकं बांधून शेजघरात दडून बसलो होतो. राणीसाहेब शिंकल्या तरी पलंगाखाली जायचो! मला धगीत बसवतेस?”

आता सगळा दरबार हसला. पण महाराजांचा हट्ट जाईना. “बरं, नवा खांब नको. पण माझ्या मंडपाचं काय?”

माझी मान हलायच्या आत या खेपेला तोंड चाललं. “खांब इथं आणले तर त्यांचे तुकडे होतील, महाराज. मंडपच तिकडे न्या! खांब उभे आहेत, वर आभाळ आहे. फक्त सतरंजी अंथरायची. लोक तीन वर्षं भिंतींआड कोंडले होते, त्यांना आणखी भिंती कशाला? आणि साथीतून वाचलेली माणसं तिथं एका पंगतीत जेवली, यापेक्षा मोठा विजय कुठला?”

“वा!” महाराज मांडीवर थाप मारून हसले. इतके हसले की मुकुट कानावर आला. “आणि पलंगाखालचा वीर त्या पंगतीत वाढायला उभा राहील!”

तिथल्या तिथं फर्मान निघालं: खांबटेकडीला कुणी हात लावायचा नाही, राजानेसुद्धा. दरवर्षी तिथं पंगत बसेल आणि दूरदेशीच्या पाहुण्यांना वेशी उघड्या राहतील. मला जरीचं लुगडं मिळालं आणि एक दुभती म्हैस.

शिवाय महाराजांनी बजावून सांगितलं, “पंगतीच्या स्वयंपाकाला मात्र हिला हात लावू देऊ नका!”