उत्पलेचे महावस्त्र

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा होता. त्याच्या सभेत सोन्याचे पिंजरे टांगलेले होते आणि प्रत्येक पिंजऱ्यात एकेक विद्वान होता. कोणी पोपट, कोणी तित्तिर, कोणी साळुंकी. राज्याची रीतच तशी होती. दर वसंतात सर्वांत बुद्धिमान तरुणाला मानाच्या आसनावर बसवीत आणि महावस्त्र पांघरीत. सूर्य मावळला की वस्त्राचे पंख होत, आसनावर पक्षी उरे. सभा हळहळे आणि सोनार नवा पिंजरा घडवी.

हा एका आईचा शाप होता. तरीही तरुण येत. शाप आपणच उलगडू, आपल्या आधीचे सारे अर्धवट शिकलेले, असे प्रत्येकाला वाटे.

त्या वर्षी जलविद्या आणि वैद्यक शिकलेली उत्पला आली. शेवटच्या पिंजऱ्यातली साळुंकी म्हणजे तिचा थोरला भाऊ शुभंकर. वर्षभरात तो माणसाची वाणी विसरला होता.

राजाने तिच्या खांद्यांवर महावस्त्र घातले. “हा राज्याचा मान आहे. जो हा खांद्यावरून उतरवील, त्याचे मस्तक उतरेल.”

“ठाऊक आहे, महाराज.”

ती आसनावर बसताच सर्वांत जुना पोपट दांडीवर सरकला. एके काळी तो आचार्य होता आणि त्याची वाणी अजून टिकून होती.

“बस, बाळ. हिरवा रंग तुला शोभेल.”

“आचार्य, शाप देणारी नेमके काय म्हणाली होती?”

“‘वस्त्र जोवर तुमचे, तोवर पिंजराही तुमचा.’ अर्थाविषयी आमच्यात सात मते आहेत. माझे बरोबर आहे.”

उत्पलेने भावाकडे पाहिले. साळुंकी तिच्याकडे पाहतच नव्हती. तिची दृष्टी दाराकडे लागली होती. तेथे द्वारपालाने भाला आडवा धरून एका चिखलाने माखलेल्या माणसाला अडवले होते.

“तो कोण?” तिने विचारले.

“बांधावरचा राखणदार,” द्वारपाल म्हणाला. “बांधाला भेग पडली म्हणतो. सत्कारात विघ्न नको, म्हणून थांबवला.”

उत्पला उठली. त्या आसनावरून आजवर कोणी उठले नव्हते.

“आसन सोडणे रीतीत नाही,” राजा म्हणाला.

“भेगेला रीत ठाऊक नाही, महाराज.”

राजाने दारातल्या राखणदाराकडे पाहिले. “जा. पण सूर्यास्तापूर्वी परत ये. वस्त्रासह.”

बांधावर माणसे भेगेत माती लोटत होती आणि पाणी ती माती गिळत होते. भोवरा कोठे फिरतो, ते उत्पलेने निरखले. मातीला धरून ठेवील असे चिवट काही हवे होते. तिने महावस्त्र उतरवले आणि मधोमध फाडले. राखणदाराने डोळे मिटून घेतले. अर्ध्या वस्त्रात चिकणमाती बांधून तिने तो गठ्ठा पाण्याच्या अंगाने भेगेत ठासला. धार थांबली. तोवर तिच्या मनगटांवर हिरवी लव उगवली होती.

बांधाच्या पायथ्याशी एक गवंडी पडला होता. वरून घसरून त्याची नडगी मोडली होती. उत्पलेने हाड जागेवर बसवले, बांबूच्या कांबी लावल्या आणि वस्त्राच्या पट्ट्यांनी पाय आवळून बांधला. पिसे कोपरापर्यंत चढली होती.

आता तिच्यापाशी जरीकाठाची एक पट्टी उरली. तेवढ्यावर मस्तक वाचेल, असे तिला वाटले. ती धावत निघाली. सूर्य डोंगराला टेकत होता.

वेशीपाशी एक म्हातारी कुडकुडत बसली होती.

“मुली, थंडी वाजते गं.”

“आजी, एवढेच उरले आहे.”

“तुझे आहे का ते?”

उत्पलेने पट्टी घट्ट धरली. मग मूठ सैल केली. “नाही,” ती म्हणाली आणि जरीकाठ म्हातारीच्या कानांभोवती गुंडाळला.

“माझ्या लेकाला ताप चढला,” म्हातारी सावकाश म्हणाली, “तेव्हा सभेत बारा वैद्य बसले होते. मी दाराशी उभी होते. त्यांचा सत्कार चालला होता.” मग तिने हात झटकला. “जा. सूर्य थांबत नसतो आणि राजाही.”

उत्पला सभेत पोचली तेव्हा खड्गधारी आसनाशेजारी उभा होता.

“महावस्त्र कुठे आहे?” राजाने विचारले.

तिचा आवाज पाखरासारखा चिरकू लागला होता. “राज्यात आहे, महाराज. काही बांधाच्या भेगेत आहे, काही गवंड्याच्या पायाला, काही वेशीवरच्या म्हातारीच्या कानांशी. माझे असे काही उरले नाही.”

राजाने तिच्या उघड्या खांद्यांकडे पाहिले, मग दाराकडे. मग खड्गधाऱ्याच्या हातातले खड्ग त्याने स्वतः काढून घेतले आणि खाली ठेवले.

सूर्य बुडाला. उत्पलेच्या हातांवरची पिसे वाळक्या पानांसारखी गळाली. पिंजरे एकामागून एक तडकले, कारण पिंजरा पाखराच्या मापाचा होता आणि आत माणूस होता. आचार्य जमिनीवर बसून म्हणाले, “माझे मत हेच होते.”

शुभंकराला वाचा फुटायला थोडा वेळ लागला.

“उत्पले,” तो म्हणाला, “गवंड्याचा पाय सरळ बांधलास ना?”

“तूच बघ, दादा. चल.”

त्या राज्यात आजही विद्वानांचा सत्कार होतो आणि महावस्त्रही मिळते. मात्र दाराशी भाला आडवा नसतो. सायंकाळी राजा एवढेच विचारतो, वस्त्र कुठे आहे? ज्याला खांद्याकडे बोट दाखवावे लागते, तो मान खाली घालतो. ही कथा ऐकणाऱ्यांच्या खांद्यांवर मान यावा, पण तो तेथेच राहू नये.