सखाहरी मास्तरचं ओलं फडकं

एका गावात एक भोळा मास्तर होता. भोळा तो जन्मापासून होता, मास्तर मात्र होळीनंतर झाला.

गावाचं नाव चिंचखोरे. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत मोठी पोरं, दुसरीत पहिलीची. पहिलीचे गुरुजी बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी येईना. शेवटी हेडबाई सत्यभामाबाईंनी गावातल्याच सखाहरीला बोलावलं. सखाहरी मास्तरकीची परीक्षा पास होता. पुस्तकात जे लिहिलंय ते तसंच्या तसं उतरवायचं, एवढं त्याला फार चांगलं यायचं.

"मास्तर, नीट ऐका," बाई म्हणाल्या. "तालुक्याहून कोरडे साहेब शाळा तपासायला येणार आहेत. पहिलीच्या पोरांना वाचता आलं तर शाळा राहील. नाही आलं तर शाळा बंद, आणि आपली पोरं घाटापलीकडच्या शाळेत. एवढाली पोरं रोज घाट चढतील का?"

"नाही चढणार."

"मग मी सांगते तसं शिकवा."

"तुम्ही सांगाल तसंच," सखाहरी म्हणाला. तो खोटं कधी बोलत नसे.

बाईंचे केस याच शाळेत पांढरे झाले होते. ती बंद होऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी पहिला धडा अगदी सोपा करून सांगितला. "नुसतं ब ब ब घोकवून काही होत नाही. अक्षर काढलं की त्याची वस्तू दाखवायची. ब बैलाचा म्हणालात, तर पोरांना बैल दिसला पाहिजे. डोळ्यांना दिसलं की डोक्यात बसतं."

"असं होय. ध्यानात ठेवतो, बाई."

आणि त्यानं ठेवलं. शिकवायच्या पहिल्याच दिवशी तो रंगूमावशीचा बैल घेऊन वर्गात आला. रंगूमावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. बैलाचं नाव पवळ्या. पवळ्या दारातून आत शिरला, पण आत त्याला वळता येईना. त्यानं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खाल्ला. ज्ञपर्यंत सगळा खाल्ला. मग शहाबादी फरशी गार लागली म्हणून तिथंच बसला.

"ब," सखाहरी म्हणाला.

"बैलाचा," पोरं म्हणाली. ती कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर बसली होती.

बकुळा नावाची मुलगी वर्गात सगळ्यात लहान होती आणि सगळ्यात जास्त बोलायची. ती म्हणाली, "गुरुजी, ह हत्तीचा कधी हाय?"

पवळ्याला शेपटीकडून ओढून बाहेर काढायला निम्मा गाव लागला. बाई घामाघूम झाल्या. "अहो मास्तर, एवढी मोठी वस्तू वर्गात आणतात का? मोठं काही असलं की आणायचं नाही. त्याचं चित्र काढून दाखवायचं."

"असं होय. मोठं असलं की चित्र. ध्यानात ठेवतो, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली. रंगूमावशीनं चुलीपासून हाक मारली. "अवं मास्तर, पोरं भुकंनं कासावीस झाल्यात. त्ये मोठं पातेलं तेवढं वर्गात न्या की."

सखाहरीनं पातेलं पाहिलं. ते मोठं होतं. मावशी स्वतःच मोठं म्हणाली होती. तो वर्गात गेला आणि त्यानं फळ्यावर पातेल्याचं चित्र काढलं. चित्र चांगलं होतं. त्यात वाटाणे होते. वर वाफही काढली होती.

पोरं बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग बकुळा उठली आणि तिनं फळ्याला जीभ लावून पाहिली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

खिचडी बाहेर चुलीवर करपली. करपल्याचा वास आला तशा बाई धावत आल्या. "मास्तर, पोटाला चित्र पुरतं का? एखादी गोष्ट मोठी आहे, आपल्याच्यानं एकदम होत नाही, तर काय करावं? ती सुटी करावी. थोडी थोडी न्यावी. मोठा शब्द आपण कसा शिकवतो? अक्षरं सुटी करतो, एकेक म्हणतो, मग सगळी जोडतो."

"असं होय. मोठं असलं की सुटं करायचं, मग जोडायचं. ध्यानात ठेवतो, बाई."

तिसऱ्या दिवशी सरपंचांनी एक टेबल पाठवलं. साहेब येणार, त्यांना बसून लिहायला काहीतरी चांगलं हवं म्हणून. टेबल सागवानी होतं. सरपंचांच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. गड्यांनी ते शाळेच्या दारात ठेवलं आणि ते निघून गेले. दारातून बैल गेला होता, पण टेबल जाईना.

सखाहरीनं करवत मागून आणली.

बाई आल्या तेव्हा वर्गात शांतता होती. एकेका पोराच्या मांडीवर टेबलाचा एकेक तुकडा होता.

"पाय," एक पोरगा म्हणाला.

"पाय," दुसरा म्हणाला.

"पाय," तिसरा.

"पाय," चौथा.

"फळी," बकुळा म्हणाली. फळीखाली तिची फक्त वेणी दिसत होती.

"आता जोडून," सखाहरी म्हणाला.

"टेबल!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

जोडायला मात्र सखाहरीकडे फक्त सुतळी होती. त्यानं सगळे पाय करकचून बांधले. टेबल उभं राहिलं, पण कोणी शिंकलं तरी झुलायचं. बाईंनी कपाळाला हात लावला. आता सरपंचांना काय तोंड दाखवायचं, हे त्यांना कळेना. "अहो, पहिला पाय कापल्यावर तरी थांबायचं! पाटीवर चुकलं तर पोरं काय करतात? चूक दिसली की ओलं फडकं घ्यायचं, पुसायचं, नव्यानं सुरुवात करायची."

"असं होय. चूक दिसली की ओलं फडकं. ध्यानात ठेवतो, बाई."

चौथ्या दिवशी ऊन रणरणत होतं. शाळेत पंखा होता, पण वीज नव्हती. सखाहरी बादलीभर पाणी आणि एक फडकं घेऊन बसला.

"हे काय?" त्यानं फळ्यावरच्या अक्षरावर छडी ठेवली.

"क," एक पोरगा म्हणाला. अक्षर ग होतं.

चूक दिसली. सखाहरी उठला, त्यानं फडकं पिळलं आणि पोराचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत स्वच्छ पुसलं.

"आता नव्यानं," तो म्हणाला.

पोरानं डोळे उघडले. गार गार वाटलं होतं. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर त्या वर्गात एकही उत्तर बरोबर आलं नाही. बकुळानं तर विचारण्याआधीच चुकीचं सांगितलं.

बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्या आत आल्या. फडकं काढून घेऊन त्यांनी स्वतः अक्षरं विचारली. पोरांनी घडाघडा वाचली. ब वाचला, प वाचला, कमळ वाचलं, बदकही वाचलं. ब पाहिला की त्यांना पवळ्या दिसत होता आणि प पाहिला की पातेलं आठवून भूक लागत होती. विसरायची सोयच नव्हती. बाईंच्या जिवात जीव आला. शाळा वाचेल असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"मास्तर," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "चुकलं तर माणसाला पुसायचं नसतं. लिहिताना कोणी अडलं, तर त्याच्या मागं उभं राहायचं. त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि गिरवून घ्यायचं. मग हाताला वळण लागतं."

"कोणाचाही हात?"

"जो अडला त्याचा."

"असं होय. ध्यानात ठेवतो, बाई."

"आणि उद्या साहेब येतील तेव्हा तुम्ही काही करायचं नाही. फळा पुसायला फडकं घ्या आणि नुसते उभे राहा."

"कुठं?"

"मागं," बाई म्हणाल्या.

साहेब आले. कोरडे साहेब फार जाड होते आणि घाट चढून आले होते. सदरा अंगाला चिकटला होता. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी टेबलावर कोपर ठेवलं. टेबल डावीकडे गेलं. साहेबही थोडे गेले. मग त्यांना मागच्या भिंतीशी पवळ्या दिसला. गार फरशीची सवय लागल्यापासून पवळ्या रोज शाळेत यायचा. वळता येईना तेव्हा उलटं चालत बाहेर जायला तो एव्हाना शिकला होता.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"ब," वर्ग म्हणाला.

साहेबांनी विषय वाढवला नाही. उठून त्यांनी फळ्यावर कमळ असं लिहिलं आणि बकुळाला उभं केलं. "वाच बाळ."

बकुळानं फळ्याकडे पाहिलं. मग सखाहरीच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. "खिचडी," ती म्हणाली. आणि डोळे मिटून तिनं तोंड वर केलं.

साहेबांनी बदक लिहिलं. "टेबल," पुढचा पोरगा म्हणाला आणि त्यानंही तोंड वर केलं. साहेबांनी नळ लिहिलं. "घाट," तिसरा म्हणाला. थोड्या वेळानं सगळा वर्ग डोळे मिटून, तोंडं वर करून बसला होता.

बाईंचे डोळे भरून आले. कालच याच पोरांनी सगळं वाचलं होतं, आणि आज त्यांना काय झालंय ते बाईंना उमगत नव्हतं.

"बाई, वाईट वाटतं मला," साहेब म्हणाले. "पण यांना एक अक्षर येत नाही." त्यांनी शेरेबुक उघडलं, शाईचं पेन काढलं. शाळा बंद करावी असं लिहायचं होतं. पण इतकी वर्षं राबलेल्या बाईंसमोर हे कसं लिहावं? आधी बंद लिहावं की आधी खेद लिहावा? त्यांनी नुसता ब काढला आणि हात थांबला.

सखाहरी मागं उभा होता. त्यानं पाहिलं. साहेब अडले होते, आणि तेही ब वर.

तो पुढं झाला. त्यानं मागून साहेबांचा हात आपल्या हातात घेतला. "घाबरायचं नाही," तो हळूच म्हणाला. "आधी पोट. पोटात तिरकी रेघ. आता काठी. आणि डोक्यावर छप्पर."

"अहो! अहो, सोडा!"

"छान जमतंय. आणखी एक काढू."

सखाहरीची पकड शेतकऱ्याची होती. सगळं पान ब नं भरलं तेव्हाच त्यानं हात सोडला. पवळ्यानं मान वर करून पाहिलं. साहेब लालबुंद झाले.

बकुळाला त्यांची दया आली. "साहेब, असं नका करू," ती म्हणाली. "तुमी चुकीचं वाचा. मग गुरुजी गार फडक्यानं तोंड पुसत्यात."

साहेब तिच्याकडे वळले. "म्हणून तू खिचडी म्हणालीस?"

"मग. ऊन किती हाय."

"आणि ते खरं काय आहे?"

"आधी फडकं," बकुळा म्हणाली.

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या पुढं आल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "आजपासून नियम बदलला! जो बरोबर करेल त्यालाच फडकं!"

"कमळ!" सगळा वर्ग ओरडला. "बदक! नळ!" साहेबांनी लिहावं आणि पोरांनी वाचावं. साहेबांनी मोठमोठे शब्द लिहिले, तर पोरांनी अक्षरं सुटी केली, एकेक म्हटली आणि जोडून दाखवली. सखाहरी फडकं पिळत वर्गभर पळत होता.

"असं होय," तो पुटपुटत होता. "बरोबर केलं की फडकं."

साहेब टेबलाशी बसले. त्यांनी नवीन पान घेतलं आणि लिहिलं, मुले उत्तम वाचतात, शाळा चालू ठेवावी. खाली सही केली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सखाहरीनं मागून वाकून वाचलं. बरोबर होतं. त्यानं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि साहेबांचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसलं.

साहेबांनी डोळे उघडले, पुन्हा पेन उचललं आणि लिहिलं, वर्ग स्वच्छ आहे. आणि डोळे मिटून तोंड वर केलं.

सखाहरीनं पुसलं.

साहेबांनी लिहिलं, शिक्षक कष्टाळू आहेत. सखाहरीनं पुसलं. साहेबांनी लिहिलं, बैलही शांत आहे. शेरा वाढत गेला. चिंचखोऱ्याच्या शाळेला एवढा मोठा आणि एवढा चांगला शेरा कधीच मिळाला नव्हता. पान भरलं तेव्हा साहेबांचा चेहरा तांब्यासारखा लखलखत होता. बाई आनंदानं चहा सांगायला रंगूमावशीकडे धावल्या.

साहेब ओलं तोंड घेऊन खिडकीतल्या वाऱ्याला उभे राहिले आणि सखाहरी एकटाच शेरेबुकापाशी उरला. त्यानं बोट ठेवून पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सगळं पान वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. सगळ्या पानात एकही नाही. त्याला फार कौतुक वाटलं.

त्यानं फडकं बुडवलं, पिळलं आणि सगळं पान वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसलं.

चहा घेऊन आलेल्या बाई दारातच मटकन बसल्या. साहेबांनी निळ्या झालेल्या पानाकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"काही हरकत नाही, बाई," ते म्हणाले. "मी उद्या येऊन परत लिहितो."

आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच घाट चढून आले. येताना घरून स्वतःचं फडकं घेऊन आले होते.